७२०० किलोहर्ट्झची रेघ

सात मेगाहर्ट्झच्या वरच्या तीनशे किलोहर्ट्झवर, म्हणजे ७००० ते ७३०० किलोहर्ट्झवर, हक्क कोणाचा, परवाना काढून छंद म्हणून रेडिओवर आपसात बोलणाऱ्या हौशी रेडिओवाल्यांचा की प्रक्षेपण केंद्रांचा, हा वाद शॉर्टवेव्हची आवड असलेली चार माणसे एकत्र आली की हटकून निघतो. मराठवाड्यात अशी माणसे मुळातच थोडी, आणि थोडी असल्यामुळेच बहुधा हा वाद इथे जरा जास्त तावातावाने होतो. हौशींच्या पट्ट्यात एखादे सरकारी केंद्र बोलताना आढळले की एक गट ‘अतिक्रमण’ म्हणून आरडाओरडा करतो आणि त्याच दमात, प्रक्षेपकांकडे उरलेला वरचा पट्टाही आता आम्हालाच द्या, तिथे ऐकायला उरलेय कोण, अशी मागणी पुढे सरकवतो. दुसरा गट बहुतांशी जुन्या श्रोत्यांचा. मूठभरांच्या छंदासाठी लाखोंच्या कानांवर पडणारे प्रक्षेपण का अडवायचे, दोघांनी गुण्यागोविंदाने वाटून घ्यावे, असे त्याचे म्हणणे. एकाचा युक्तिवाद ज्येष्ठतेचा, दुसऱ्याचा शिरगणतीचा. आणि या दोन्ही मोजपट्ट्या या प्रश्नाला लागूच पडत नाहीत. माझे मत आधीच सांगून टाकतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी हौशी आणि प्रक्षेपक यांनी शेजारधर्माने नांदावे ही कल्पना तांत्रिकदृष्ट्या चुकीची आहे आणि इतिहासात एकदा पुरती फसलेली आहे. त्यामुळे २००३ साली जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने आखलेली ७२०० किलोहर्ट्झची रेघ योग्यच आहे. मात्र ती दोन्ही अंगांनी पाळायची आहे: प्रक्षेपकांनी खाली उतरायचे नाही आणि वरचा पट्टा कितीही ओसाड वाटू लागला तरी हौशींनी वर चढायचे नाही.

आज नेमकी वाटणी कशी आहे, हे वाद घालणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जगाचे तीन विभाग केले आहेत; युरोप-आफ्रिका पहिल्यात, अमेरिका खंड दुसऱ्यात आणि भारतासह आशियाचा मोठा भाग तिसऱ्यात. ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ हा पट्टा आता तिन्ही विभागांत हौशींचा आहे. ७२०० ते ७३०० हा पट्टा अमेरिका खंडात हौशींकडे, तर पहिल्या आणि तिसऱ्या विभागांत प्रक्षेपकांकडे आहे. २००३ च्या निर्णयानुसार ७१०० ते ७२०० हा भाग प्रक्षेपकांनी २९ मार्च २००९ पर्यंत सोडायचा होता आणि त्या बदल्यात त्यांना याच दोन विभागांत ७४०० ते ७४५० हा तुकडा मिळाला. म्हणजे प्रक्षेपकांना उघड्यावर टाकून हौशींची सोय केली, हा आरोप निराधार आहे. ज्या जुन्या ट्रान्झिस्टरच्या तबकडीवर ‘४१ मीटर’ असे (तरंगलांबीच्या हिशेबाने) छापलेले असते, तो बँड बंद झालेला नाही. तो थोडा वर सरकला आहे, इतकेच.

हा सरकण्याचा प्रकार का करावा लागला, हे कळण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. १९१२ च्या अमेरिकी कायद्याने हौशींना दोनशे मीटरपेक्षा आखूड तरंगलांबीवर लोटले, कारण त्या लहरी दूरच्या संपर्कासाठी निरुपयोगी आहेत, अशी तेव्हाच्या जाणकारांची पक्की समजूत होती. नोव्हेंबर १९२३ मध्ये सुमारे ११० मीटरवर अमेरिकेतील हौशींनी फ्रान्समधील हौशीशी अटलांटिकपार दुतर्फा संभाषण केले आणि ती समजूत मोडीत निघाली. त्यानंतर व्यापारी कंपन्या, लष्करे, सरकारे या लहरींकडे धावली. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत हौशींच्या वाट्याला साऱ्या जगात ७००० ते ७३०० हा पट्टा आला. अकरा वर्षांनी, १९३८ च्या कैरो परिषदेत, अमेरिका खंड सोडून इतरत्र ७२०० ते ७३०० हा भाग प्रक्षेपकांबरोबर ‘सामायिक’ करण्यात आला. मग महायुद्ध आले. हौशींचे ट्रान्समीटर सरकारजमा झाले आणि प्रचाराच्या लढाईत सगळ्या राष्ट्रांची केंद्रे या लहरींवर तुटून पडली. युद्ध संपल्यावर १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेत सामायिक भाग तर गेलाच, शिवाय सामायिकीची हद्द आणखी खाली सरकली. १९५९ च्या जिनिव्हा परिषदेनंतर आपल्याकडे हौशींच्या हाती ७००० ते ७१०० एवढेच उरले. तीनशेचे शंभर झाले. गुण्यागोविंदाने वाटून घ्या, असे सांगणाऱ्यांनी या कालक्रमाकडे नीट पाहावे. जिथे सहवासाचा प्रयोग झाला तिथे तो वीस-एकवीस वर्षांत एका बाजूच्या हकालपट्टीत संपला. तो प्रयोग आता पुन्हा केला तर वेगळा निकाल लागेल, असे मानायला आधार कोणता?

मात्र हाच इतिहास हौशी मंडळी ‘आम्ही पहिले’ म्हणून वापरतात तेव्हा तो त्यांच्याच अंगाशी येतो. आपल्या देशात प्रक्षेपणाची सुरुवातच हौशींनी केली. १९२३ मध्ये मुंबईच्या आणि कोलकात्याच्या, १९२४ मध्ये मद्रासच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रसारित केले; इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी त्यानंतर, १९२७ साली आली आणि ऑल इंडिया रेडिओ हे नाव तर १९३६ चे. मग हौशी कोण आणि प्रक्षेपक कोण? १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत चालवलेले काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवरून बोलत असे. हिशेब केला तर ती फ्रिक्वेन्सी ७०८० किलोहर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे आजच्या हौशींच्या पट्ट्याच्या जवळपास मध्यावर. त्या केंद्राच्या ट्रान्समीटरमागे मुंबईतील एका हौशी रेडिओवाल्याचेच तांत्रिक हात होते. युद्धामुळे हौशींचे परवाने रद्द झालेले, पट्टा रिकामा, आणि त्या रिकाम्या पट्ट्यात देशासाठी केलेले बेकायदा प्रक्षेपण. आजच्या नियमांच्या भाषेत सांगायचे तर तेही अतिक्रमणच. ते चुकीचे होते, असे कोणी म्हणणार आहे का? ज्येष्ठतेचा दाखला घेऊन भांडायला निघालेल्यांनी एवढे लक्षात घ्यावे की या पट्ट्याच्या सातबारावर दोघांचीही नावे पहिल्यापासून आहेत.

आता श्रोत्यांच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा, आणि तो खरोखर वजनदार आहे. परवाना काढून, परीक्षा देऊन, हजारो रुपयांचे यंत्र घेऊन बोलणारा हौशी हा शेवटी स्वतःच्या आवडीसाठी बोलतो. प्रक्षेपण ऐकणाऱ्याला ना परीक्षा लागते ना इंटरनेट. दोन सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर पुरतो. निजामाच्या राजवटीत औरंगाबादला रेडिओ केंद्र होते आणि विलीनीकरणानंतर ते आकाशवाणीत आले, पुढे परभणीलाही केंद्र झाले. तरी बालाघाटाच्या डोंगररांगांमधल्या किंवा हिंगोलीकडच्या गावांत मध्यमलहरी नीट लागत नसत, तेव्हा मुंबई केंद्राचे शॉर्टवेव्हवरचे प्रक्षेपण दिवसा खणखणीत यायचे. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि १९५२ पासून आकाशवाणीवरील चित्रपटसंगीताला कात्री लागली, तेव्हा सारा देश रेडिओ सिलोनकडे वळला. बुधवारी रात्री आठला ‘बिनाका गीतमाले’साठी गावातल्या एकुलत्या एक रेडिओभोवती माणसे जमत आणि तो रेडिओ शॉर्टवेव्हवरच लावलेला असे. १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली ती या श्रोत्यांच्या हट्टामुळेच. स्वतःच्या सरकारला न आवडणारे ऐकण्याची मुभा सामान्य माणसाला ज्या माध्यमाने दिली, त्याचे ऋण हौशींनीही मान्य केले पाहिजे. मी ते पूर्ण मान्य करतो.

पण या मुद्द्यावरून निष्कर्ष काय काढायचा? प्रक्षेपणाला जागा हवी, हा निष्कर्ष निघतो. ती जागा हौशींच्या पट्ट्यातच हवी, हा निघत नाही. शॉर्टवेव्हवर प्रक्षेपणासाठी ४९, ४१, ३१, २५, १९ मीटर असे एकामागून एक पट्टे राखलेले आहेत आणि त्यांची एकत्रित रुंदी हौशींच्या या दोनशे किलोहर्ट्झच्या कितीतरी पट आहे. दुसरे म्हणजे शिरगणतीचा निकष एकदा स्वीकारला की तो आपल्याला सोयीच्या ठिकाणी थांबत नाही. आज हौशींपेक्षा श्रोते जास्त म्हणून हौशींनी हटावे. उद्या श्रोत्यांपेक्षा मोबाइलधारक जास्त म्हणून श्रोत्यांनी हटावे. बीबीसीच्या हिंदी सेवेचे शॉर्टवेव्ह प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२० रोजी बंद झाले तेव्हा ‘ऐकणारे कमी झाले’ हेच कारण पुढे आले होते, आणि तेव्हा याच जुन्या श्रोत्यांनी संख्या हा एकमेव निकष कसा असू शकतो, असे विचारले होते. प्रश्न बरोबर होता. मग तो दुसऱ्याच्या बाबतीत चुकीचा कसा ठरतो?

खरा फरक कामाच्या पद्धतीत आहे आणि वादात नेमका तोच बाजूला राहतो. हौशी ऑपरेटर बोलण्याआधी ऐकतो. फ्रिक्वेन्सी रिकामी आहे का, हे विचारतो, उत्तर आले तर चार किलोहर्ट्झ सरकतो. त्याचे एसएसबीवरचे (आवाज अरुंद जागेत बसवणाऱ्या पद्धतीचे) संभाषण जेमतेम तीन किलोहर्ट्झ जागा घेते आणि दहा मिनिटांत संपते. प्रक्षेपक ऐकू शकतच नाही. त्याचा श्रोता हजार-दोन हजार किलोमीटरवर असतो, वेळापत्रक काही महिने आधी जाहीर झालेले असते, आणि समोर कोणाचा तरी क्षीण सिग्नल दबतो आहे म्हणून मध्येच फ्रिक्वेन्सी बदलली तर त्याचा श्रोताच हरवतो. हा प्रक्षेपकाचा उद्दामपणा नव्हे. ते काम तसेच करावे लागते. पण यातून एक गोष्ट अटळपणे येते: हौशींच्या पट्ट्यात सगळी व्यवस्था ज्या परस्पर सौजन्यावर चालते, त्या सौजन्यात भाग घेण्याची सोयच प्रक्षेपकाकडे नाही.

त्यावर ताकदीचा फरक. माझ्यासारख्या परभणीकर परवानाधारकाच्या यंत्रातून शंभर वॅट निघतात. भारतात वरच्या श्रेणीच्या परवान्यालाही चारशे वॅटची मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय प्रक्षेपण केंद्राचा ट्रान्समीटर अडीचशे किलोवॅटचा असणे ही नित्याची बाब. अडीच हजार पट, म्हणजे ३४ डेसिबल. शिवाय प्रक्षेपकाची अँटेना मनोऱ्यांच्या रांगेवर पडद्यासारखी ताणलेली, हव्या त्या दिशेला झोत टाकणारी. माझी म्हणजे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून अंगणातल्या कडुलिंबापर्यंत ताणलेली वीस मीटर तार. दोन्ही धरले तर तफावत लाख पटीच्या घरात जाते. संध्याकाळी सातच्या सुमारास रिसीव्हर लावला की आधी ऐकू येते ती गल्लीचीच खरखर: एलईडी दिवे, स्वस्त चार्जर, कोणाच्या तरी पंपाचा कंट्रोलर. वीज गेली की ती खरखर एकदम खाली बसते आणि शेजाऱ्यांचे इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या काही क्षणांत इंडोनेशियातला किंवा रशियातला एखादा हलका आवाज वर येतो. (भारनियमनाचा मनापासून आनंद होणारी जमात मराठवाड्यात बहुधा आमचीच.) अशा सिग्नलवर काम करणाऱ्याच्या शेजारी एएमचा, म्हणजे प्रक्षेपणाच्या नेहमीच्या पद्धतीचा, एक बलदंड कॅरिअर (अखंड चालू राहणारी मूळ लहर) येऊन बसला तर कानात अखंड शिट्टी वाजते आणि तिच्या दोन्ही अंगांनी पाच-पाच किलोहर्ट्झ बोलण्या-गाण्याने भरून जातात. तीन संभाषणांची जागा एका केंद्राने जाते, तीही न विचारता आणि रोज त्याच वेळी.

हे सगळे काल्पनिक वाटत असेल तर गेल्या दशकातले एरिट्रियाचे उदाहरण पाहावे. तिथल्या सरकारी केंद्राने ७१४० आणि ७१८० किलोहर्ट्झच्या आसपास प्रक्षेपण चालवले आणि शेजारच्या इथिओपियाने ते दाबण्यासाठी त्यावर रुंद गोंगाट सोडला. दोन देशांचे भांडण, त्यासाठी निवडलेले रणांगण मात्र तिसऱ्याच्याच मालकीचे. एरिट्रियाची राजधानी असमारा आणि परभणी यांच्यात सुमारे चार हजार किलोमीटरचे अंतर आहे, पण रात्री सात मेगाहर्ट्झच्या लहरींना ते अंतर काहीच नाही. आपल्याकडे नऊ वाजता तिथे साडेसहा वाजलेले असतात आणि मधला अरबी समुद्र अंधारात असतो. परिणामी हौशींच्या पट्ट्याचा मोठा तुकडा कित्येक रात्री निकामी होई. आंतरराष्ट्रीय नियमावलीतील ४.४ हे कलम सांगते की पट्ट्यांच्या वाटणीच्या तक्त्याबाहेरची फ्रिक्वेन्सी एखाद्या देशाने वापरलीच, तर तिने कोणालाही घातक अडथळा करता कामा नये आणि स्वतःला अडथळा झाला तर तक्रारही करता कामा नये. कलम स्पष्ट आहे. ते मोडले जात होते, हेही स्पष्ट होते. हौशींच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या देखरेख यंत्रणेने नोंदी ठेवल्या, तक्रारी झाल्या. रेघ असल्यामुळे निदान तक्रार कशाबद्दल करायची, ते तरी ठरलेले होते. पट्टा सामायिक असता तर तक्रारीला जागाच नव्हती.

आता प्रतिपक्षाचा दुसरा मुद्दा, जो आपल्याकडे फारसा कोणी मांडत नाही, पण मांडायला हवा. सामायिक वापर अशक्य असेल तर तो इतर ठिकाणी यशस्वी कसा होतो? १९७९ च्या जागतिक परिषदेने १०.१ ते १०.१५ मेगाहर्ट्झ हा पट्टा हौशींना दुय्यम दर्जाने दिला. तिथे स्थिर सेवा प्रथम हक्काची आहे आणि तरीही चाळीसहून अधिक वर्षे कोणाची डोकेफोड झालेली नाही. २०१५ मध्ये ५३५१.५ ते ५३६६.५ किलोहर्ट्झ हा चिंचोळा तुकडाही असाच दुय्यम दर्जाने मिळाला. ही उदाहरणे खरी आहेत आणि ‘सामायिक’ हा शब्द ऐकताच अंगावर काटा येणाऱ्या हौशींनी ती विसरू नयेत. पण तिथे सहवास का जमला? कारण तिथली स्थिर सेवा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठराविक ठिकाणाशी बोलते, अरुंद जागा घेते, अधूनमधून बोलते. आणि हौशींनीही आपसात ठरवून १०.१ वर मोर्स आणि अरुंद डिजिटल प्रकारच ठेवले, ५.३ वर तर १५ वॅटच्या प्रभावी शक्तीची मर्यादा मान्य केली. दोन्ही बाजू हलक्या पावलांनी चालणाऱ्या असतील तर एका खोलीत राहता येते. प्रक्षेपण हलक्या पावलांनी चालतच नाही. हलके झाले तर दोन सेलवरच्या ट्रान्झिस्टरमध्ये ते पोहोचणार नाही. म्हणजे जी उदाहरणे सामायिकीच्या बाजूने दिली जातात, तीच नीट वाचली तर प्रक्षेपणाला त्यातून वगळावे लागते.

वेळ आणि भूगोल वाटून घेण्याची सूचनाही वरकरणी समंजस आहे. प्रक्षेपक आपापल्या फ्रिक्वेन्सींचा मेळ उन्हाळी आणि हिवाळी हंगामांसाठी परिषदा घेऊन घालतातच. मग हौशींचाही त्यात समावेश करावा, संध्याकाळ त्यांची, रात्र ह्यांची. अडचण अशी की सात मेगाहर्ट्झ दिवसा आणि रात्री दोन वेगळ्या कामांचा पट्टा आहे. दिवसा या लहरी आयनांबरावर (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवर) आपटून तीनशे-चारशे किलोमीटरच्या टापूत परत येतात. परभणीहून पुणे, नागपूर, हैदराबाद ऐन दुपारी घरातल्यासारखे बोलतात. रात्री हाच पट्टा खंडांतराचा होतो. दिवस काढून घेतला तर प्रादेशिक संपर्क जातो, रात्र काढून घेतली तर दूरचा. भूगोलाचे म्हणाल तर ७२०० ते ७३०० मध्ये तो प्रयोग चालूच आहे: अमेरिकेत हौशी, आशियात प्रक्षेपक. दुपारी तो चालतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रात्र उलटून पहाट होऊ लागली की आशियातील केंद्रे तिथल्या हौशींच्या छातीवर येऊन बसतात. नकाशावरच्या विभागरेषा आयनांबराला दिसत नाहीत.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे सगळे ओळखीचे वाटायला हरकत नाही, कारण पाण्याच्या बाबतीत आपण यातून गेलो आहोत. गोदावरीच्या वरच्या अंगाला गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा, आणि खाली पैठणला जायकवाडी. पाणी सगळ्यांचे आहे, यावर नाशिक-नगरचेही कधी दुमत नव्हते. तरी दुष्काळी वर्षात वरून पाणी सुटेल की नाही, हे वरच्यांच्या मर्जीवर राहिले, आणि मर्जी ही टंचाईत पहिली आटणारी वस्तू. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, त्यातून समन्यायी वाटपाचे सूत्र आले, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचे, असा मोजता येणारा आकडा ठरला. तंटे संपले नाहीत, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. पण भांडण आकड्याभोवती होऊ लागले, दयेभोवती नव्हे. जो वरच्या अंगाला आहे किंवा ज्याचा आवाज मोठा आहे, त्याच्याशी सौजन्यावर वाटणी होत नाही, ती आकड्यावर होते, हे आपल्याला एखाद्या तंत्रज्ञाने शिकवायला नको. पाण्याची तुलना एका जागी मात्र तुटते, आणि ती जागा महत्त्वाची आहे. वापरलेले पाणी संपते. फ्रिक्वेन्सी बटण बंद होताच होती तशी कोरी होते. म्हणूनच ‘दुपारी पट्टा रिकामा पडलेला असतो, म्हणजे वाया जातो’ हा आक्षेप पोकळ आहे. रिकाम्या फ्रिक्वेन्सीतून काहीही वाहून जात नाही.

आपल्या बाजूच्या लोकांनाही एक कटू गोष्ट सांगायला हवी. कोणताही वाद निघाला की आमचे हौशी बंधू तिसऱ्या वाक्याला किल्लारीवर येतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून परतलेली माणसे झोपेत असताना लातूर-धाराशिवची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली, जवळपास दहा हजार जीव गेले, आणि संपर्क तुटलेल्या त्या भागात बाहेरून आलेल्या हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोहोचवण्याचे काम केले. डिसेंबर २००४ मध्ये विशेष परवानगीने अंदमानात गेलेले भारतीय हौशींचे पथक त्सुनामीच्या वेळी पोर्ट ब्लेअरमध्येच होते आणि छंदाचे काम बाजूला ठेवून त्याने मदतीचा संपर्क सांभाळला. याचा अभिमान बाळगावा, पण पट्ट्याचा दावा केवळ यावर उभा करू नये. आपत्ती रोज येत नाही. उपग्रह फोन आता प्रशासनाकडे आहेत. आणि आपत्तीपुरताच उपयोग असेल तर आपत्तीपुरतीच परवानगी देऊ, असे एखादा अधिकारी उद्या म्हणाला तर आमच्याकडे उत्तर नसेल. खरा दावा साधा आहे. लातूरच्या मातीत तंबू ठोकून तासाभरात अँटेना ताणणारा माणूस कोणत्याही शिबिरात घडत नाही. आयनांबराचा कोणता थर किती वाजता साथ देतो, क्षीण आवाजातले आकडे कसे टिपायचे, तार किती फूट उंच हवी, हे तो वर्षानुवर्षे निरुद्देश वाटणाऱ्या गप्पा मारत शिकतो. त्या गप्पांना जागा हवी, म्हणून पट्टा हवा. छंद म्हणून हवा, असे म्हणायची लाज कशाला?

उरते रेघेची दुसरी बाजू, आणि इथे माझे अनेक मित्र माझ्यावर नाराज होतील. ७२०० च्या वर आता शांतता वाढली आहे, हे खरे. आकाशवाणीसकट जगभरच्या केंद्रांनी शॉर्टवेव्ह आवरती घेतली आहे. मग तो पट्टा आम्हाला का नको? कारण रिकामे दिसते म्हणून शिरायचे, हा तर्क मान्य केला तर १९३८ नंतर प्रक्षेपकांनी जे केले तेच आम्ही उलट दिशेने करू. दुसरे कारण अधिक व्यवहाराचे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमधील फोन आणि इंटरनेट बंद झाले, तेव्हा बीबीसीने हिंदी-उर्दूचे रेडिओ प्रसारण वाढवले. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरील आक्रमणानंतर, बंद करून टाकलेली शॉर्टवेव्ह तिने त्या टापूसाठी रोज चार तास पुन्हा सुरू केली. शॉर्टवेव्ह प्रक्षेपणाची गरज अशीच परत येते, न सांगता आणि नेमकी बाकी सगळे बंद पडते तेव्हा. परत येणाऱ्याला जागा शिल्लक असायला हवी. दुर्बळ वापरकर्त्याला नियमाचे संरक्षण हवे, असे आम्ही साठ वर्षे ओरडून सांगितले. आता दुर्बळ होत चाललेला वापरकर्ता प्रक्षेपक असेल तर तो नियम बदलतो का?

राहिला प्रश्न राखणीचा. रेघ जिनिव्हात आखली गेली तरी तिच्यावरची नजर परभणीतून, बीडमधून, नांदेडमधूनच ठेवावी लागते. ७२०० च्या खाली केंद्र ऐकू आले की हौशी सहसा तक्रारीचा सूर लावतो आणि डायल पुढे फिरवतो. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, भाषा, केंद्राच्या नावाची घोषणा आणि शक्य तर अँटेना फिरवून टिपलेली दिशा यांची नोंद करून ती आपल्या संघटनेमार्फत देखरेख यंत्रणेकडे आणि केंद्र सरकारच्या बिनतारी नियोजन विभागाकडे पाठवणारे विरळा. या कामात जुन्या श्रोत्यांइतके तरबेज दुसरे कोणी नाही. केंद्राची सुरुवातीची धून ऐकून देश ओळखणारी, ध्वनीवरून भाषा सांगणारी ही माणसे आयुष्यभर केंद्रांना श्रवण-अहवाल पाठवत आली आहेत; त्याच वहीत ७२०० च्या खालचे एक पान वाढवायला त्यांना फार कष्ट पडणार नाहीत. आणि हौशी ७२०० च्या वर बोलताना आढळला तर त्याचीही नोंद त्याच पानावर व्हावी.